कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एक अल्बम

बाबा पुण्यात कोविडने हॉस्पिटलमध्ये होते आणि मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगमध्ये, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दिवसभर लोकांचे स्वॅब तपासत होते. साथीचं दुसरं वर्ष होतं. इकडे सगळं शांत, कॅफे उघडे, बीचवर गर्दी. आणि तिकडून रोज कुणी ना कुणी गेल्याचा मेसेज. विमानं बंद होती. दादा फोनवर म्हणाला, "तू येऊन तरी काय करणार आहेस? मलाच गेटच्या आत सोडत नाहीत."

आठव्या दिवशी बाबांचा ऑक्सिजन थोडा कमी केला आणि एका नर्सने त्यांच्यासमोर फोन धरला. चेहरा एवढासा झालेला. मी काहीबाही बोलत राहिले. त्यांनी हाताने थांबवलं आणि धापा टाकत विचारलं, "व्हायोलिन आहे का गं तुझ्याकडे अजून?"

"आहे की."

"मग वाजव. इथे नुसते मॉनिटर वाजतायत."

अकरा वर्षं ते मला स्कूटरवर मागे बसवून व्हायोलिनच्या क्लासला नेत होते. मी आत रियाज करायचे, ते बाहेर पायरीवर पेपर वाचायचे. शिकायला इकडे आले तेव्हा व्हायोलिन बरोबर आणलं, पण आधी युनी, मग शिफ्टा, मग लग्न, मग मुलगी. व्हायोलिन कपाटावर सुटकेसच्या मागे गेलं ते गेलंच. त्या दिवशी खाली काढलं तर एक तार तुटलेली. केसमध्ये जुनी जादा तार होती, ती चढवली. नेटवर्क चांगलं मिळतं म्हणून घरामागच्या लाकडी डेकवर चटई टाकली, मांडी घातली, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलं आणि शिकवलं होतं तसं सा-प-सा-प लावलं. भूप वाजवला. बोटं लाकडाची झाली होती. बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली.

"पंचम कणभर खाली आहे," ते म्हणाले.

मी रडत रडत हसले. हा माणूस घरी येणार, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि आठवड्याभराने ते आलेही.

बाबा घरी आल्यावरही मी व्हायोलिन परत कपाटावर ठेवलं नाही. लॅबमधून आले की अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि डेकवर अर्धा तास वाजवायचं. मे संपत आला होता, थंडी पडू लागली होती. एका अशाच संध्याकाळी भूप चालू असताना कुंपणापलीकडून कुणीतरी तेच पाच सूर वाजवायला लागलं. पण ते सूर चालत नव्हते, उड्या मारत होते. वाद्य कुठलं ते कळेना. सतारीच्या चिकारीसारखी एक उंच तार मध्ये मध्ये टण् टण् करत होती, त्याखाली बाकीची गडबड.

मी थांबले. तेही थांबलं. मग लाकडी फळ्यांवरून एक पांढरं डोकं वर आलं.

"हनी," त्या म्हणाल्या, "तुला डोंगरातलं ट्यूनिंग कोणी शिकवलं?"

शेजारच्या आजी. दोन वर्षं आम्ही शेजारी राहत होतो आणि आमचं बोलणं म्हणजे "आज लाल झाकणाचा कचऱ्याचा बिन की पिवळ्या?" एवढंच. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. बोलण्यात एक वेगळाच हेल होता. तो मी आजवर ऑस्ट्रेलियातल्याच कुठल्या तरी गावाचा समजत होते. तो अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांचा निघाला. नवरा तिथे कोळशाच्या खाणीत होता. इथल्या खाणींना माणसं हवी होती, म्हणून लग्न झाल्यावर वर्षभरात दोघं इकडे आले. बरोबर दोन ट्रंका आणि बँजो. "जहाजातून उतरले आणि मागे हा डोंगराचा कडा बघितला," त्या म्हणाल्या, "तेव्हा वाटलं, इथे राहता येईल."

मी सांगितलं की हे ट्यूनिंग डोंगरातलं नाही, आमच्याकडे व्हायोलिन असंच लावतात. त्यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांचे काका फिडल, म्हणजे व्हायोलिनच, याच चार सुरांत लावायचे, हनुवटीखाली न धरता छातीवर टेकवायचे आणि रात्रभर लोकांना नाचवायचे. "चल, कुणी कुणाचं चोरलं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "हे ऐक."

मग जूनच्या शेवटी सिडनीबरोबर आम्हालाही लॉकडाऊनचं कुलूप लागलं. कुणाच्या घरी जायचं नाही. मी तर लॅबमध्ये रोज त्याच विषाणूच्या संगतीत, त्यामुळे आजींच्या दारात उभं राहायचीही मला भीती वाटायची. कुंपण मात्र सोयीचं होतं. मी आमच्या बाजूला चटईवर, त्या त्यांच्या बाजूला स्टुलावर. त्या एक ओळ गायच्या, मी वाजवायचे. चुकलं की परत. नोटेशन त्यांच्याकडे नव्हतं आणि मला त्याची सवयही नव्हती. "माझ्या मावशीने मला पाठ होईपर्यंत ही गाणी माझ्यासमोर गायली," त्या म्हणायच्या. क्लासमध्ये आमच्या बाईही तेच करायच्या, फक्त त्यांच्या हातात पट्टी असायची.

गाणी अशी होती: दोन भाऊ एका घोड्यावरून भांडतात, एक मुलगी नदीला पूर आलेला असताना पलीकडे जायचं म्हणते, एक म्हातारा आपल्या कुत्र्याला मृत्युपत्र वाचून दाखवतो. आवाज खडा, नाकातून येणारा, कुठे गोड करायचा प्रयत्नच नाही. पहिल्यांदा ऐकलं तर दचकायला व्हायचं. चौथ्यांदा ऐकलं की दुसऱ्या कुणाचा आवाज नको वाटायचा.

"यांची रेकॉर्ड कुठे मिळेल?" माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं. तो मुंबईचा, आयटीवाला, तेव्हा गॅरेजमध्ये टेबल टाकून घरून काम करत होता आणि मीटिंग म्यूट करून आमचं सगळं ऐकत होता.

मी कुंपणावरून विचारलं. आजी थोडा वेळ बँजोच्या खुंट्यांशी खेळत राहिल्या.

"एकोणीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "सात तास बसने शहरात रेकॉर्डिंगला गेले होते. काचेच्या पलीकडे एक माणूस बसला होता. एक गाणं ऐकलं आणि म्हणाला, आवाज चांगला आहे, पण तो गावठी हेल काढून टाक. आणि ही मेलेल्या लोकांची गाणी नकोत, काहीतरी नवीन आण."

"मग?"

"मी बँजो केसमध्ये ठेवला आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं."

"राग आला असेल."

"नाही गं. भूक लागली होती." मग म्हणाल्या, "राग बसमध्ये आला. तो अजून आहे."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मग आपणच करू ना रेकॉर्ड." माझ्याकडे बघून त्याने खांदे उडवले. "माइक लागतील दोन. मला एडिटिंग येत नाही, पण शिकता येईल. नाही तरी वीकेंडला काय करतोय आपण?"

दुसऱ्या दिवशी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हेल काढणार नाही."

"कोणी सांगितलंय काढायला?"

"मग ठीक आहे."

पुढच्या बाजूला आमची आणि त्यांची गॅरेजं शेजारी शेजारी, तिथे मधे कंबरेएवढंच कुंपण. दोन्ही शटरं उघडली की तिरक्या रेषेत आम्ही एकमेकींना दिसायचो. माइक पोस्टाने यायला तीन आठवडे लागले. नवऱ्याने फळीतल्या फटीतून वायर पलीकडे ढकलली. आवाज घुमू नये म्हणून आमच्या गॅरेजच्या भिंतींवर आईने पाठवलेल्या गोधड्या टांगल्या. आजींनी त्यांच्याकडच्या तशाच ठिगळ-ठिगळ जोडलेल्या रजया लावल्या आणि मग पंधरा मिनिटं, रेकॉर्डिंग सोडून, कुणाचा टाका बारीक यावर चर्चा झाली.

आवाजांनी आम्हाला छळलं. सकाळी कुकाबरा पक्षी, दुपारी कुणाचं तरी गवत कापायचं मशीन, आणि पोर्ट केंब्लाच्या बंदराला जाणारी कोळशाची मालगाडी, जी नेमकी हळव्या ओळीवर यायची. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा नवऱ्याने रेकॉर्डिंग थांबवलं. आजी म्हणाल्या, "कशाला थांबवतोस? माझा जन्म गेला कोळशात. राहू दे तिला." अल्बममध्ये तिसऱ्या गाण्यात ती गाडी आहे.

पण खरी अडचण गाडी नव्हती, मी होते. मी प्रत्येक सुरावर मींड घेत होते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, जरा आंदोलन देत. चांगलं वाजतंय असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी आजींनी बँजोवर थाप मारून मला थांबवलं.

"हनी, मक्याच्या पावाला किती लोणी लावशील? पाव दिसू दे की!"

मला ते लागलं. हे लोणी लावायला शिकण्यातच माझी अकरा वर्षं गेली होती. त्यावर मी गाण्याआधी छोटीशी आलापी घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "गाणं सुरू होतं तेव्हा ते सुरू होतं. आधी दार वाजवत बसायचं नसतं." मी व्हायोलिन उचललं आणि आत आले. "मी नाही करत उद्यापासून," असं नवऱ्याला सांगून टाकलं. आणि सहानुभूती मिळावी म्हणून पुण्याला आमच्या बाईंना फोन लावला. कितीतरी वर्षांनी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाणी कोणाची आहेत?" त्यांनी विचारलं.

"त्यांची."

"मग त्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीने जेव. आपली ताट-वाटी घेऊन कुणी पंगतीला जातं का?"

दुसऱ्या दिवशी मी परत चटईवर बसले.  आजींनी मला उजवा हात शिकवला. डावा विसर म्हणाल्या. गज छोटा, झटक्याचा, मागेपुढे, जसं कुणी फळीवर पाय आपटतंय. "उजव्या हाताने नाच." दोन आठवडे माझा खांदा भरून येत होता. लॅबमध्ये पिपेट धरला तरी मनगट त्याच ठेक्यात हलायचं. आणि मग एका शनिवारी, घोड्यावरून भांडणाऱ्या भावांच्या गाण्यात, ते बसलं. मला कळायच्या आधी आजींना कळलं, त्या गाता गाताच "हाऽ!" असं ओरडल्या. तोही अल्बममध्ये आहे.

ऑगस्टच्या थंडीने त्यांची बोटं आखडली. एक वेगवान चाल होती, शब्द नसलेली, नुसती नाचाची. ती त्यांच्या काकांची, त्यांना अल्बममध्ये हवीच होती. बँजोवर नखांनी वरून खाली मारायचं आणि अंगठ्याने ती उंच तार छेडायची, असं त्यांचं वाजवणं. अंगठा वेळेवर पोचेना. चौदा टेक झाले. चौदाव्यानंतर त्यांनी बँजो जमिनीवर ठेवला, उठल्या, आणि शटर खाली ओढलं.

आठ दिवस शटर बंद. मी फोन केला, उचलला नाही. मुगाची खिचडी करून डबा त्यांच्या पायरीवर ठेवला आणि बेल वाजवून मागे सरले. डबा दुसऱ्या दिवशी धुतलेला, कुंपणावर. चिठ्ठी वगैरे काही नाही. मी रोज नवीन काहीतरी ठेवत गेले. साबुदाण्याचा डबा अर्धा भरलेला परत आला, तेवढं सोडलं तर रोज रिकामा. नवरा म्हणाला, "सात गाणी झाली आहेत. सातही पुरेत." मला माहीत होतं, त्यांना पुरणार नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी मी शिफ्टवरून येऊन गाडी लावत होते. शटर वर गेलं.

"बँजोशिवाय गाते," आजी म्हणाल्या. "तू फक्त एक सूर धर. बाकी काही करू नकोस."

मी मास्क काढला, हात धुतले, लॅबच्या स्क्रब्सवरच चटईवर बसले. नवऱ्याने हेडफोन चढवले. मी सा आणि प, दोन मोकळ्या तारा एकत्र, गज अगदी सावकाश ओढत धरल्या. तानपुरा म्हणा. आणि त्यांनी ते गाणं सुरू केलं जे त्यांनी मला आधी कधीच ऐकवलं नव्हतं. खाणीतून येणाऱ्या नवऱ्याच्या अंघोळीसाठी पाणी तापवून ठेवणाऱ्या बाईचं. ती पाण्याला सांगते, गरम राहा, अजून थोडा वेळ गरम राहा. कडव्यामागून कडवं पाणी निवत जातं आणि ती परत लाकूड घालते. तो येतो की नाही हे गाण्यात सांगतच नाहीत.

एकच टेक. संपल्यावर मी गज उचलला नाही, कारण हलायची हिंमत झाली नाही. पलीकडच्या गमट्रीवर एक मॅगपाय पक्षी लांबलचक गायला. नवऱ्याने थांबवलं नाही, ते सगळं घेतलं. मग त्याने हेडफोन काढून डोळे पुसले. तो कधी रडत नाही, भारत क्रिकेटमध्ये हरल्यावर फक्त जेवत नाही.

"झालं?" आजींनी विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

"मग आता काकांची चाल. ती तू वाजव, हनी. चाल व्हायोलिनचीच होती, मी उगाच बँजोवर ओढत होते. मी मागून ठेका देते. हळू. तेवढं माझा अंगठा करेल."

मी ती चाल चौदा टेक ऐकली होती. बोटांत उतरलेलीच होती. तिसऱ्या वेळी आमची नऊ वर्षांची मुलगी गॅरेजच्या दारात उड्या मारायला लागली आणि कुंपणापलीकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी स्टुलावर बसल्या बसल्या टाचा आपटत होत्या. शेवटचा गज मी असा ओढला की गजाचे दोन केस तुटले. "आई, दॅट वॉज सिक!" मुलगी म्हणाली. आजींनी तिला विचारलं, हे चांगलं की वाईट? चांगलं, असं कळल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, मॅच जिंकल्यासारखे.

पुढे आणखी दोन घेतली, एकूण अकरा गाणी झाली. नवऱ्याने महिनाभर एडिटिंग शिकत, शिव्या देत, ती जुळवली. बाबांना सगळ्यात आधी पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पूर्वीसारखा भरलेला होता. "ही बाई कोण? काय खडा आवाज आहे! आणि व्हायोलिनवर कोण आहे, तूच?" मी म्हटलं, मीच. "सुधारलीस," ते म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

सीडी काढायच्या, असा आजींचा हट्ट. त्यांच्या गाडीत सीडी प्लेअर होता आणि बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पहिलं खोकं आलं तेव्हा त्यांनी एक सीडी हातात घेतली, स्वतःचं नाव बोटाने दोनदा वाचलं, आणि त्याच गाडीत बसून समुद्राच्या रस्त्याने पूर्ण अल्बम वाजेपर्यंत फिरून आल्या. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये कुलूप उघडलं. इथल्या छोट्या रेडिओ स्टेशनवर शनिवारी सकाळी लोकसंगीत लावणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी पाणी तापवणारीचं गाणं लावलं. दहा मिनिटांत एका निवृत्त खाणकामगाराचा फोन आला. तो आजींच्या नवऱ्याबरोबर एकाच शिफ्टला होता. "पन्नास वर्षं ही बाई होती कुठे?" त्याने चालू कार्यक्रमातच विचारलं. आजी आमच्या डेकवर बसून ऐकत होत्या. आता आम्ही एका टेबलाशी बसू शकत होतो. त्या रेडिओला म्हणाल्या, "तुझ्या शेजारच्या गल्लीत. भांडी घासत."

नोव्हेंबरमध्ये पोर्ट केंब्लाच्या एका जुन्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. दारात लसीचं सर्टिफिकेट बघत होते. मला वाटलं होतं तीसेक लोक येतील. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. खाणीतले म्हातारे त्यांच्या बायकांसह, माझी अख्खी लॅब, गणपतीला एकत्र जमणारी आमची मराठी मंडळी पुलावाचं पातेलं घेऊन, आणि समोरच्या रांगेत रेडिओवर फोन करणारा तो माणूस, कोट घालून. मी स्टेजवर चटई टाकली. आजी स्टुलावर बसल्या. त्यांनी निळा फ्रॉक घातला होता, तीस वर्षांपूर्वी शिवलेला.

माइकमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "ही मेलेल्या लोकांची गाणी आहेत. बघू या, किती मेलीत ती."

तिसऱ्या गाण्याला लोक टाळ्या वाजवत होते. भावांच्या गाण्याला पाय आपटत होते. काकांच्या चालीला पहिल्यांदा त्या कोटवाल्या माणसाने बायकोचा हात धरला, मग आमच्या लॅबमधल्या दोघी उठल्या, मग मराठी मंडळी, ज्यांना तो नाच येत नव्हता पण गणपतीचा येत होता आणि तो तिथे व्यवस्थित बसला. दीड वर्ष एकमेकांपासून दीड मीटर लांब उभी राहिलेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत नाचत होती. पाण्याच्या गाण्याला मात्र अख्खा हॉल असा गप्प की गजाचा श्वास ऐकू यावा.  संपलं तेव्हा सगळे उभे राहिले. आजी माझ्याकडे वळल्या आणि कुजबुजल्या, "आता काय करायचं असतं?"

"मान झुकवायची," मी म्हटलं.

त्यांनी झुकवली नाही. त्या ताठ बसून बघत राहिल्या, एकेका चेहऱ्याकडे, जणू मोजत होत्या.

लोक "अजून!" ओरडायला लागले. आमची अकरा गाणी संपली होती. मी मानेने त्यांना तसं सांगितलं. आजींनी बोटांवर फुंकर घातली, बँजो मांडीवर नीट घेतला आणि एक चाल सुरू केली जी मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ये मागून."

पहिलं कडवं मी फक्त ऐकलं. दुसऱ्याला खालची मोकळी तार धरून ठेवली. तिसऱ्याला अर्धी चाल हाती आली, आणि चौथ्याला आम्ही दोघी बरोबर होतो, हॉल परत उठला होता, आणि त्या डोळे मिटून, जेवढा हेल होता तेवढा सगळा लावून गात होत्या.